एकुलत्याची सूट

हाजी मितवल्लीला अठ्ठावन्नाव्या वर्षी दुसरा मुलगा झाला, आणि बाळाच्या आईखालोखाल सगळ्यात जास्त आनंद झाला तो त्याच्या धाकट्या भावजयीला, सनिय्याला. आनंदाचं कारण चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं. म्हणून बाळाच्या सातव्या दिवशी, सगळं घर पाहुण्यांसाठी झाडलोट करत असताना, ती मागच्या अंगणात बसून मुकाट्याने बदकांची पिसं उपटत होती आणि मधूनच स्वतःशी हसत होती.

इजिप्तमधल्या सक्तीच्या सैन्यभरतीचा कायदा गावातल्या शेंबड्या पोरालाही पाठ होता. बाप जिवंत आणि मुलगा एकच, तर त्याला सैन्यात नेत नाहीत. पण ही सूट कच्ची. मुलाची तिशी उलटायच्या आत बापाला दुसरा मुलगा झाला, की सूट गेली आणि मोठा निघाला छावणीत. दुसरा मुलगा कुठल्या बायकोच्या पोटचा, हे सरकार विचारत नाही. हाजीच्या पहिल्या बायकोचा, इन्साफचा, वजीह आता तेवीस वर्षांचा होता. सात वर्षं अजून काढायची होती, आणि मधेच हाजीची दुसरी बायको राविया येऊन आडवी पडली.

रावियाला हाजीने दोन वर्षांपूर्वी करून आणलं, तेव्हा इन्साफच्या बाजूने सगळ्यात मोठ्याने रडली होती ती सनिय्याच. पुढे रावियाला दिवस गेल्याचं कळलं आणि सनिय्याचं रडणं एकदम आटलं. ती रावियाकडे भरलेली कबुतरं पाठवायला लागली. अंगात ताकद येते, मुलगा होतो, असं म्हणायची. इन्साफने विचारलं तर म्हणायची, बाळंतपणाशी कसलं वैर, जाऊबाई.

खरं म्हणजे या दोघी जावांमधला मत्सर आधी उलट दिशेने वाहत होता. सनिय्याला पाठोपाठ तीन मुलगे झाले आणि इन्साफला बरेचदा पोट पडल्यावर एकच. तेव्हा इन्साफ वजीहला चार वर्षांचा होईपर्यंत मुलीचे कपडे घालायची आणि सनिय्या दारात दिसली की त्याला आत ओढून घ्यायची. तीन मुलांच्या आईची नजर लागेल म्हणे! सनिय्या गालातल्या गालात हसायची. मग मुलं वयात आली आणि तराजू फिरला. शिक्षण कमी तशी सैन्यातली वर्षं जास्त. थोरल्या रजबकडे शाळेचा दाखला नव्हता, त्याची तीन वर्षं गेली. शाबानने तांत्रिक शाळा केली होती, त्याची दोन. धाकटा हमदी सध्या लाल समुद्राच्या काठावर एका चौकीत होता, पाण्याचा टँकर आला तर आठवड्यातून एकदा अंघोळ करत. सनिय्याने इतके खाकी गणवेश धुतले, की घराच्या मोरीत वाळू साचून पाणी तुंबलं. आणि वजीह मन्सूरा शहरात हिशेबाचं शिकून कडक इस्त्रीचा सदरा घालून घरी यायचा. त्याला सैन्यातून सूट मिळाल्याचा दाखला आला त्या दिवशी इन्साफने गल्लीभर सरबत वाटलं. सनिय्यालाही दिलं. ते तिने प्यायलं, पण पचलं मात्र नाही.

आज इन्साफने स्वतःच्या हाताने चहा आणला, तेव्हाच सनिय्याने ओळखलं, की हिला काहीतरी मागायचं आहे.

"घे गं, दमली असशील."

"तुम्ही कशाला आणलात, जाऊबाई? मी आले असते की आत."

इन्साफ शेजारी बसली. तिने एक बदक पुढे ओढलं, दोन पिसं उपटली आणि हात थांबवला. गेल्या सात दिवसांत तिचे डोळे खोल गेले होते.

"वजीहचं कुवेतच्या नोकरीचं ठरलंय, तुला ठाऊक आहे."

"सगळ्या गावाला ठाऊक आहे. तुम्हीच सांगत होतात."

"निघण्याआधी भरतीच्या कचेरीत कुटुंबाचा ताजा दाखला दाखवायचा असतो. त्यात भाऊ दिसला तर..."

"तर काय, सरकार दोन जोड कपडे फुकट देईल."

इन्साफने तो टोमणा गिळला. एरवी ती गिळणारी बाई नव्हती. सनिय्या सावध झाली.

"सनिय्या, बाळाची नोंद अजून केलेली नाही. दाई बहिय्याने घरातच सोडवलं रावियाला. बहिय्या सांगेल तेच कचेरीत लिहितात. तिने जर सांगितलं, की बाळ तुझं आहे..."

"माझं?"

"तुझं आणि अवदभाऊजींचं. नुसतं कागदावर गं! वाढेल इथेच, रावियाच्याच मांडीवर. तुला तीन आहेत, चौथा लागला म्हणून तुझ्या पोरांचं काय बिघडतंय? त्यांचं तर सगळं उरकलंय."

"हमदीचं उरकलं?"

"तेच म्हणते मी. उरकत आलंय."

सनिय्याने बदकाची मान जरा जास्तच जोरात पिरगळली. मेलेलं बदक, त्याला काय कळणार.

"मी सत्तेचाळीस वर्षांची आहे, जाऊबाई. कारकून हसेल मला."

"पन्नाशीत बाळंत झालेल्या बायका आहेत गावात. आणि अवदभाऊजींनी हाजींना हो म्हटलंय."

"त्यांनी हो म्हटलंय? मग त्यांनाच बाळंत करा."

"चेष्टा नको गं. पाया पडते तुझ्या."

"आणि राविया? तिचं पोर तिच्या नावावरून काढायचं, तिला कोणी विचारलं का?"

"हाजी समजावतायत तिला," इन्साफ म्हणाली आणि उठली. दारापाशी वळून म्हणाली, "वजीह तुझ्याही घरात लोळून मोठा झालाय, सनिय्या. तेवढं लक्षात ठेव."

सनिय्या चहा तसाच ठेवून बसली. तिचं डोकं अशा कामात फार चालायचं. कागदावर हाजीला एकच मुलगा राहिला, तर हाजीच्या मागे कालव्याकडचं सगळं शेतही त्या एकट्याचं. म्हणजे इन्साफ एका दगडात सैन्यही मारत होती आणि सवतही. आणि दगड कोण? सनिय्या! तिला राग आला, पण त्याच वेळी बरंही वाटलं. वीस वर्षांत पहिल्यांदा इन्साफची दोरी तिच्या हातात आली होती.

ओट्यावर तिचा थोरला, रजब, पिशवी भरत होता. रजब अठ्ठावीसचा. सैन्यातून सुटून त्याला सहा वर्षं झाली होती, पण सुटलेल्यांना राखीव म्हणून पुन्हा बोलावतात. चौकीदाराने चार दिवसांपूर्वी हुकूम आणून दिला होता. आज संध्याकाळी छावणीत हजर व्हायचं, दीड महिन्यासाठी. भातलावणीचे दिवस. गावातले सगळे पंप याच दिवसांत बंद पडतात आणि रजबचं पंपदुरुस्तीचं दुकान याच दिवसांवर वर्षभर चालतं. कुलूप लावून त्याने किल्ली शाबानला दिली होती. शाबानला पंपातलं ओ की ठो कळत नव्हतं.

"मोजे तीन जोड घेतलेस?" सनिय्याने विचारलं.

"घेतले. मागच्या वेळी बोलावलं तेव्हा बूट मिळाले, दोन्ही डाव्या पायाचे. मोज्यांनी काय होणार?"

"हसतोस काय?"

"मग काय करू? आई, मागच्या खेपेला खड्डा खणायला लावला आम्हाला. मला तो खड्डा ओळखीचा वाटला. नीट बघितलं तर माझाच! सैन्यात असताना मीच खणलेला आणि मीच बुजवलेला. अधिकाऱ्याला म्हटलं, साहेब, मी पंप दुरुस्त करतो, तुमचा पंप बंद पडलाय तो बघू का? म्हणाला, शहाणपणा करू नकोस, बटाटे सोल. दीड महिना सोलले. पंप बंदच."

त्याने पिशवीची दोरी आवळली आणि आवाज खाली आणला. "मोठ्या काकूंनी तुला विचारलं ना? बाबांनी सांगितलं मला. हो म्हण."

"तू मला सांगतोस हो म्हण? तुझी तीन वर्षं गेली, शिवाय हे दर दोन वर्षांनी!"

"ती काय वजीहने खाल्ली?"

"तू वाळूत पडला होतास तेव्हा तो पंख्याखाली बसून शिकत होता."

"बरं, तो गेला तर माझी वर्षं परत येतील?"

"येणार नाहीत. पण बरोबरी होईल."

हे तिने इतक्या सरळ कधी म्हटलं नव्हतं. रजबने पिशवीवरचा हात काढला. मग त्याला हसू आलं.

"कसली बरोबरी, आई? तो पदवीवाला. त्याला एकच वर्ष. तेही कुठेतरी कचेरीत टेबलावर बसवतील."

सनिय्याच्या हे लक्षातच आलं नव्हतं. एकच वर्ष! आणि टेबल! म्हणजे देव द्यायला बसला तरी इन्साफला मापात सूट देणार. तिच्या पोटात जे पेटलं होतं, त्यावर रजबने बिचाऱ्याने पाणी म्हणून रॉकेल ओतलं.

तरीही, खरं सांगायचं तर, दुपारपर्यंत तिचं मन एका जागी नव्हतं. खोटी नोंद करायची म्हणजे पापच, पण गावात याहून मोठी पापं लोक जेवून हात धुवावेत तशी धुतात. शिवाय रजब म्हणाला ते खोटं नव्हतं. घरातला एक पोरगा सुटला तर सुटला. आणि वजीहवर तिचा राग असला तरी माया नव्हती असं नाही. लहानपणी तो एकट्याने झोपायला घाबरायचा आणि पांघरूण घेऊन तिच्या तिघांच्या चटईवर येऊन पडायचा. सकाळी उठवताना ती चार डोकी मोजायची.

म्हणून वजीह स्वयंपाकघरात आला तेव्हा ती भाताचं पातेलं उतरवता उतरवता त्याला मायेनेच म्हणाली, "ये रे. काही खाल्लंस का?"

"नको, काकू." त्याने पातेल्याचा एक कान धरला. चटका बसला तसा सोडून दिला. "काकू, आई बोलली तुमच्याशी?"

"बोलली."

"मला झोप नाही सात दिवस. बाळ रडलं की मला वाटतं, आता मला न्यायला आले. हसू नका."

"मी कुठे हसते?"

तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. तिच्या हमदीसारखीच हनुवटी. भाबडा आहे, तिला वाटलं. हो म्हणावं. म्हणून टाकावं आणि मोकळं व्हावं. पाप लागेल ते लागेल.

वजीहला तिचं नरम पडणं दिसलं आणि तो घाईने बोलला. "मला तिथलं जमणारच नाही हो, काकू. रजब, शाबान यांचं वेगळं आहे. ते कणखर. त्यांना उन्हातान्हाची, शिव्यांची सवयच आहे. त्यांना काही वाटत नाही त्याचं. माझं तसं नाही ना."

सनिय्याने झाकण पातेल्यावर ठेवलं.

"नाही, तुझं तसं नाही," ती म्हणाली.

"आणि तुम्हाला काय, कचेरीत जाऊन एक अंगठा..."

"जा बाळ. बाहेर मेणबत्त्या लावायच्या राहिल्यात."

तो सुटल्यासारखा गेला. त्याला वाटलं, काम झालं. काम झालंच होतं, पण दुसऱ्या बाजूने.

दुपारच्या नमाजनंतर घर भरलं. माडीवर बाहेरच्या खोलीत पुरुष बसले होते आणि त्यांच्या मध्ये मशिदीचे इमाम, शेख दरवेश. शेजारी हाजी मितवल्ली नव्या कोऱ्या झग्यात, आणि त्याच्या पलीकडे सनिय्याचा नवरा अवद, थोरल्या भावासमोर नेहमी बसायचा तसा गुडघे जवळ घेऊन. मधलं दार सताड उघडं. आतल्या खोलीत बायकांची ही गर्दी. मधोमध जमिनीवर पितळेचा खलबत्ता आणि फुलांनी, रेशमी फितींनी सजवलेली मोठी चाळणी. सातव्या दिवसाच्या रीतीप्रमाणे चाळणीत बाळ मुठी आवळून झोपलेलं.

चाळणी आणून ठेवली ती इन्साफने. बायकांनी एकमेकींना कोपर मारलं. ज्या बाईने दोन वर्षांत सवतीच्या खोलीचा उंबरा ओलांडला नव्हता, ती आज तिच्या पोराची चाळणी सजवते म्हणजे सूर्य नाईलमध्ये उगवला म्हणायचा! राविया भिंतीला टेकून बसली होती. तिच्या डोळ्यांच्या कडा लाल होत्या. म्हणजे तिला समजावून झालं होतं. ती बाळाकडे अशी बघत होती, की कोणीतरी ते मागून घेऊन गेलं आहे आणि परत देईल की नाही ठाऊक नाही.

दाई बहिय्याने कागदाची बाहुली कातरली. ही आमच्याकडची रीत. बाळाला ज्यांनी ज्यांनी पाहिलं त्या प्रत्येकाचं नाव घेऊन बाहुलीला सुई टोचायची आणि मग ती जाळायची, म्हणजे सगळ्यांच्या नजरा जळून जातात. कोणी रागवायचं नसतं. उलट एखादीचं नाव राहिलं तर तिला चुटपुट लागते, की आपण काय बघण्याजोग्या नाही का.

"शेजारणीच्या नजरेची," बहिय्या म्हणाली आणि सुई टोचली. "पाववाल्याच्या बायकोच्या नजरेची. इन्साफच्या नजरेची." इन्साफने मान खाली घातली. "तिच्या बहिणीच्या नजरेची. शाबानच्या बायकोच्या नजरेची." मग तिची सुई सनिय्यापाशी आली, क्षणभर हवेत थांबली आणि पुढे सरकली. "पलीकडच्या आळीतल्या सगळ्यांच्या..."

खोलीत कुजबूज झाली. सनिय्याला का गाळलं? बहिय्या दाई हिशेबाने चालली होती. बाळाच्या आईचं नाव टोचत नाहीत, आईची नजर लागत नाही. आणि कागदावर आई सनिय्या होणार होती. म्हातारीला नेमकं तेवढंच पाठ झालेलं!

"माझं नाव राहिलं, बहिय्याकाकी," सनिय्या म्हणाली.

"तू... तुझं कशाला?"

"का? मी बाळाला पाहिलं नाही? मी चुलती आहे त्याची. चुलतीची नजर तर सगळ्यात आधी लागते. टोच."

इन्साफने झटकन वर पाहिलं. "सनिय्या," ती हळूच म्हणाली.

पण सनिय्याने आवाज चढवला होता. तो मधल्या दारातून पलीकडे जाईल एवढा. "शेखसाहेब! बायकांची एक शंका आहे. पोराला हाक बापाच्या नावाने मारायची की चुलत्याच्या?"

बाहेरचं बोलणं थांबलं. शेख दरवेशांना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांना वाटलं, काहीतरी थट्टा चालली आहे.

"बापाच्या," ते म्हणाले. "अल्लाहचा हुकूमच आहे. दुसऱ्याचं नाव लावणं मोठं पाप. पण शंका कसली?"

"काही नाही. मग बाळाचा बाप कोण, तेवढं मोठ्याने ऐकवा म्हणावं. चाळणी हलवायची आहे."

अवदने पेल्यातल्या चहात तोंड घातलं. हाजी मितवल्ली उठून दारात आला. त्याच्या चेहऱ्यावर राग होता, आणि रागाखाली दुसरंच काहीतरी धडपडत होतं. अठ्ठावन्नाव्या वर्षी मुलगा झालेला माणूस, आणि सात दिवस त्याला ते मोठ्याने बोलू दिलं नव्हतं. त्याने रावियाकडे पाहिलं. इन्साफकडे पाहण्याचं त्याने टाळलं.

"मी," तो म्हणाला. मग आणखी मोठ्याने, इमामांनी, पाहुण्यांनी, गल्लीने ऐकावं असं, "माझा मुलगा आहे तो! इस्माईल मितवल्ली!"

बायकांनी जिभा वळवून लांबच लांब ललकाऱ्या दिल्या. बहिय्याने सुई सनिय्याच्या नावाने खसकन टोचली, बाहुली जाळली आणि बाळाच्या कानाशी खलबत्ता कुटायला घेतला. "आईचं ऐक! बापाचं ऐकू नको!" बाळ दचकून रडलं. राविया उठली, आईने सात वेळा ओलांडायची चाळणी एकदाच ओलांडली आणि रीत अर्धवट सोडून सनिय्याच्या हातावर डोकं टेकून रडायला लागली.

"रजबची आई, माझं लेकरू तुम्ही मला दिलंत. माझ्यासाठी कोणी बोललं नव्हतं हो."

"ऊठ, ओली बाळंतीण तू," सनिय्या म्हणाली. राविया तिला पुण्यवान समजत होती. समजू दे. असं आयतं पुण्य रोज थोडंच मिळतं?

इन्साफने बाळाची सरकलेली चाळणी नीट जागेवर ठेवली. मग उभी राहिली.

"हे तू अल्लाहसाठी नाही केलंस, सनिय्या."

सनिय्याच्या तोंडावर सात उत्तरं आली. ती सगळी खोटी होती. ती म्हणाली, "नाही."

"माझ्या पोराने तुझं काय बिघडवलं?"

"काहीच नाही. तुम्ही एकदा गणवेश धुवून बघावा, असं वाटलं मला. एकच वर्ष तर आहे. माझी पाच झाली आणि सहावं चालू आहे."

इन्साफने तोंड उघडलं, पण शब्दांऐवजी भलताच आवाज बाहेर आला, आणि ती जिथे उभी होती तिथेच खाली बसली. मग जे रडणं सुरू झालं! सगळ्या बायका तिच्याभोवती गोळा झाल्या. एकीने पाणी आणलं, एकीने पदराने वारा घातला, बहिणीने डोकं मांडीवर घेतलं. "एकुलतं एक लेकरू गं बाईचं!" "आता कसं होणार हिचं!" बाहेर पुरुषांनी वजीहला मध्ये घेतलं होतं. तो पांढरा पडला होता. कोणाचा मेहुणा मन्सूराच्या भरती कचेरीत होता, कोणाच्या ओळखीचा कर्नल होता, वजीहला घराजवळची जागा कशी मिळवून द्यायची यावर सगळे एकदम बोलत होते. अवदही बोलत होता. घरात त्याला इतकं बोलताना सनिय्याने कधी ऐकलं नव्हतं.

सनिय्या दाराच्या चौकटीला टेकून बघत राहिली. जिंकली होती ती. पण जिंकल्याचा आनंद तोंडात घेतला आणि तो आंबट निघाला. रजब पहिल्यांदा गेला तेव्हा ती अशीच या खोलीत रडायला बसली होती, आणि बायका म्हणाल्या होत्या, "रडतेस काय, घरात अजून दोन आहेत ना?" आणि जेवायला उठल्या होत्या. शाबान गेला तेव्हा कोणी तेवढंही म्हणालं नाही. हमदी गेला त्या दिवशी शेजारीण चाळणी मागायला आली होती. आणि हिच्यासाठी? हिचा अजून गेलाही नाही, तर पाणी, वारा, मांडी, कर्नल! सनिय्याला इन्साफच्या रडण्याचाही हेवा वाटला, आणि तो इतका तीव्र, की तिला स्वतःचीच लाज वाटली.

"येतो, आई." रजब पिशवी खांद्याला लावून मागे उभा होता. "गाडी नाक्यावर आली असेल."

"जेवला नाहीस."

"तिथे बटाटे आहेत." तो हसला. मग आतल्या गर्दीकडे बघून म्हणाला, "तू केलंस ते मला आवडलं नाही. पण तुझ्याशी भांडायला आता वेळ नाही. दीड महिन्याने भांडू."

त्याने वाकून तिच्या हाताला ओठ लावले. बाहेरच्या खोलीतून तो गेला तेव्हा कोणी बघितलंही नाही. अवदने पाय बाजूला घेतले, कोणाला तरी जाऊ देण्यासाठी, आणि बोलणं चालूच ठेवलं. रजब जिन्याच्या पहिल्या पायरीवर पोहोचला, तशी सनिय्या धावत जिन्याच्या तोंडाशी गेली.

"माझाही चाललाय!" ती ओरडली.

सगळे थांबले.

"अरे, माझाही चाललाय! आत्ता! दुकान बंद करून, न जेवता चाललाय! उठा की कोणीतरी!"

पुरुष खाली बघू लागले. अवद अर्धवट उठला आणि काय करावं न कळून तसाच राहिला. बायकांची गर्दी हलली नाही. हलली ती एकटी इन्साफ. तिने बहिणीचा हात बाजूला केला, अनवाणीच उठली आणि माणसांमधून वाट काढत जिन्यापाशी आली. तिचं तोंड सुजलं होतं. सनिय्याला वाटलं, आता ही मला मारणार. मारलं तर मी मार खाईन.

"मला वाटलं, तुला सवय झाली असेल," इन्साफ म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. तिला खरंच तसं वाटत आलं होतं.

"नाही होत, जाऊबाई."

"तिसऱ्यालाही नाही?"

"तिसऱ्यालाही नाही."

इन्साफने मान हलवली, दोनदा, जणू कोणीतरी तिला तिच्याच घराचा पत्ता सांगत होतं. मग ती दोन पायऱ्या उतरली आणि रजबच्या गळ्यात पडून रडायला लागली. रजबने पिशवी खाली ठेवली आणि तिला धरलं. तिच्या पाठीवर थोपटत तो काहीतरी पुटपुटत राहिला, वजीहला मोजे कसे द्यायचे, बूट आपल्या मापाचे घरूनच न्यायचे, असलं काहीबाही.

सनिय्या वरच्या पायरीवरून बघत होती. पोराने तिला इतका वेळ कधी धरू दिलं नव्हतं. ती भराभर खाली उतरली आणि तिने रजबची बाही धरून ओढली.

"पुरे झालं आता, सोडा त्याला," ती म्हणाली. "मला भेटू द्या."